माणशी एक मूठ

चष्म्याची दांडी कानामागे वाकवून बसवताना गिऱ्हाईक कुठं बघतं, हे बाईंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. कुणी छताकडे बघतं, कुणी डोळे घट्ट मिटून घेतं, आणि पुरुष असला तर बाईंच्या खांद्यावरून आरशातल्या स्वतःकडे. बाईंकडे कुणीच बघत नाही, आणि त्यांना तेच बरं वाटायचं. माणसाच्या इतक्या जवळ जायचं, कानामागची कातडी बोटांनी चाचपायची, तर त्याने दुसरीकडे बघणंच सोयीचं. त्या दुपारी खुर्चीत बसलेली म्हातारी मात्र सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारी आपली म्हणायची. बाईंहून फार तर वर्षाने मोठी असेल. नव्या काचा डोळ्यांवर चढल्या की माणसं दारावरची पाटी वाचतात, रस्त्यापलीकडच्या दुकानांची नावं वाचतात. हिने वाचलं ते बाईंचं तोंड. टोचतंय का, असं बाईंनी विचारलं.

‘नाही टोचत. झकास दिसतंय,’ म्हातारी म्हणाली. ‘गोबरी ना गं तू?’

गोबरी म्हणणारं माणूस आता जगात उरलेलं नाही असा बाईंचा समज होता. वडील गेले, मग आई गेली. सासरी त्यांना कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती आणि नवऱ्याला तर हे नाव त्यांनी मुद्दामच कधी सांगितलं नव्हतं. बाई नुसत्या बघत राहिल्या तशी म्हातारीने दोन बोटं ओठांशी नेली आणि जोरात हवा सोडली. शिट्टी काही वाजली नाही, फुस्स झालं सगळं, कवळीच होती तोंडात. पण बाईंना कळलं. शिट्टी! भिंतीपलीकडची शिट्टी. पोरगी असून काय शिट्ट्या मारते म्हणून अख्खी इमारत जिच्या नावाने बोटं मोडायची ती. बाईंनी हसायचा प्रयत्न केला. मग काय, कुठं असतेस, मुलंबाळं किती, सगळं झालं. शिट्टीने दवाखान्याच्या धुलाईघरात उभा जन्म काढला होता, आता लेकीकडे राहत होती, जावई बरा होता पण घोरायचा. हे सगळं ती मोठ्या आवाजात सांगत होती आणि काउंटरवरची पोरगी कौतुकाने ऐकत होती. आणि मग, हवापाण्याचं बोलावं तितक्या सहज, चष्मा नाकावर वरखाली करून बघत शिट्टी म्हणाली, ‘तुमच्याकडे ते असायचं बघ, दार लावून. तेव्हा आई आम्हा दोघी बहिणींना गप्प बसवायची. म्हणायची, आवाज करू नका गं, आपला आवाज गेला तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सुखाने खाऊ द्या त्यांना.’

ती हसली. खरोखरच हसली, त्यात टोमणा नव्हता, की मनात काही धरून ठेवलेलं नव्हतं. टोमणा असता तर बाईंना सोसला असता. आयुष्यात टोमणे कमी का झेलले होते त्यांनी? पण हे असं, गंमत सांगावी तसं सांगितलेलं, याला काय करायचं! तोंडातून काहीतरी बाहेर पडायलाच हवं होतं, आणि पडलं ते हे, की रविवारी ये जेवायला. तेच आहे. नातीला पहिली नोकरी लागलीय म्हणून करतोय. येशील ना? शिट्टी येते म्हणाली. आढेवेढे नाहीत, काही नाही. पत्ता पुन्हा पुन्हा घोकून घेतला तिने.

‘ते’ म्हणजे कडांचं. याहून मोठं नाव त्याला कुणी कधी दिलं नाही. बाईंच्या लहानपणी कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा गोबरीचे वडील आणि शिट्टीचे वडील एकाच दिवशी घरी बसले. दोन्ही घरं म्हणजे एकेक खोली, मध्ये एक भिंत, आणि भिंत कसली, इकडे सुस्कारा टाकला तर तिकडे ऐकू जायचा. गोबरीच्या आईला एका मोठ्या हॉटेलाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथं पाहुण्यांसाठी सँडविच व्हायची, आणि पाहुण्यांना पावाच्या कडा चालायच्या नाहीत. आईचं काम त्या कडा कापायचं. कापलेल्या कडा बादलीत टाकायच्या असा तिथला नियम. आई त्यातल्या मूठ मूठ कडा पदराआड पिशवीत टाकून आणायची. बारीक चिरलेला कांदा चमचाभर तुपावर चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा, त्यात कडा, त्यावर उकळतं पाणी, शेवटी असलं तर दूध, मीठ, मिरपूड. झालं. माणशी एक मूठ कडा, वर एक तुकडासुद्धा नाही. आई मूठ भरून घ्यायची आणि बोटांबाहेर डोकावणारा तुकडा परत पिशवीत टाकायची, उद्यासाठी. पातेलं खाली उतरलं की कुणी बोलायचं नाही. दाराला कडी. खिडकी बंद. आणि तळलेल्या कांद्याचा वास बोळात जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीत ओलं कापड. चमचा वाटीला लागता कामा नये. आधी सगळ्यात धाकट्याला वाढायचं, मग वयाने चढत वर. आई शेजारच्या भिंतीकडे पाठ करून बसायची. एकदा गोबरीने विचारलं होतं की तिकडच्यांना थोडं दिलं तर. आई चिडली नाही. एवढ्यात दोन घरं बसवली तर कुणाचंच भागायचं नाही, एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ रिकामं पातेलं घासत बसली. म्हणजे आई दुष्ट नव्हती. बाईंनी हे स्वतःला किती वेळा सांगितलं होतं त्याला काही सुमारच नाही. आई दुष्ट नव्हती, आईचा हिशेब बरोबर होता. मग हे जे सलत राहतं ते कुणाचं?

कारखाना उघडला. वडील पुन्हा कामावर रुजू झाले त्या संध्याकाळी आईने आनंदाने काय केलं असेल, तर कडांचं. आणि हात वळणावर गेलेले, त्यामुळे दार लावलं, खिडकी लावली, फटीत कापड घातलं, सगळे मुकाट्याने जेवले आणि वाट्या रिकाम्या झाल्यावर एकदम हसत सुटले. तेव्हापासून ती प्रथाच पडली. घरात काही चांगलं झालं की कडांचं. गोबरी शाळेतून पुढे गेली तेव्हा, लग्न ठरलं तेव्हा, मुलगा झाला तेव्हा. सासरी बाईंनी केलं तेव्हा नवरा आधी चक्रावला आणि मग त्याला इतकं आवडलं की होता तोवर तोच आठवण करून देत राहिला. मुलगा बोलायला लागला आणि त्याने विचारलं, आई, आपण का नाही बोलायचं? झालं, तिथं घोळ झाला. बाईंनी क्षणभरही न थांबता सांगितलं की अन्नाला मान द्यायचा म्हणून. आणि कापड कशाला? घरातलं सुख घरात राहावं म्हणून. सुचलं कसं पटकन, याचं त्यांना आजही नवल वाटतं. खोटं बोलताना त्यांची जीभ एरवी चारदा अडखळते. मुलाने ते जसंच्या तसं उचललं, पुढे बायकोला सांगितलं, आणि सून म्हणजे लहान मुलांची शिक्षिका, तिने त्याचं सोनं केलं. तिच्या वर्गातल्या पोरांना ती दर वर्षी ही गोष्ट सांगते. मैत्रिणींना सांगते. आमच्या सासूबाईंच्या आईने, अत्यंत गरिबीत, मुलांना शिकवलं की अन्नापुढे शांत राहावं. ऐकताना माणसांचे डोळे ओले होतात, आणि बाई तिथंच असल्या तर पदराची शिवण बघत बसतात. पाहुणे त्याला विनय म्हणतात.

आता कडा कुठून आणणार? तर सून चांगला ताजा पाव आणते आणि त्याच्या कडा कापते. मधला मऊ, पांढरा भाग उरतो. त्याचं काय करायचं हा दर वेळचा प्रश्न. एकदा पक्ष्यांना घातला, एकदा कामवालीला दिला, एकदा तर फ्रीजमध्येच हिरवा झाला. बाईंना हे बघवायचं नाही पण बोलायचं काय? आणि फटीत कापड घालायचं काम नातीकडे होतं, ती रांगायला लागली तेव्हापासून. एवढीशी पोर, जमिनीवर पालथी पडून गाल टेकवून, जीभ बाहेर काढून कापड सरळ करायची, आणि सगळे तिच्याकडे बघून लोटपोट व्हायचे. बाई हसायच्या नाहीत. आजीला भरून येतं, असं सून म्हणायची.

भरून कसलं येतंय! बाईंना त्या वेळी बोटं दिसायची. कारण कापड घालायचं काम तेव्हा गोबरीचं होतं. ती जमिनीवर गाल टेकवायची तेव्हा फटीतून बोळातला उजेड दिसायचा, पट्टीसारखा. एका संध्याकाळी त्या पट्टीत पाय होते. दोन छोटे पाय, अनवाणी, बोटं दाराकडे केलेली. गोबरी बघत राहिली. पलीकडून आवाज नाही, हाक नाही, नुसते उभे पाय, आणि मधूनच अंगठा वर उचलायचा नि खाली टेकायचा, कंटाळलेलं पोर करतं तसा. आई मागून हलक्या आवाजात म्हणाली, झालं का? गोबरीने कापड ढकललं. ते त्या बोटांना लागलं. ओलं, गार. बोटं मागे सरकली नाहीत लगेच, मग सरकली. गोबरी उठून वाटीपाशी येऊन बसली. इथपर्यंतसुद्धा बाईंनी एक वेळ स्वतःला माफ केलं असतं, पोरच होती, आईने सांगितलं ते केलं. पण त्या दिवशीचं कडांचं चवीला चांगलं लागलं होतं. रोजच्याहून चांगलं. आपण आत आहोत आणि ते पाय बाहेर आहेत, याची चव होती ती, आणि गोबरीने ती जिभेवर घोळवून घोळवून खाल्ली होती. हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, देवाला म्हणाल तर त्याच्याशीही त्यांचं इतकं मोकळं बोलणं नव्हतं. नंतर शिट्टीशी रोज खेळ व्हायचा, दोरीवरच्या उड्या व्हायच्या, आणि गोबरीचे डोळे सारखे तिच्या पायांवर जायचे. शिट्टीने एकदा विचारलंही होतं, काय बघतेस गं, घाण लागलीय का?

रविवारपर्यंतचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. दुकानात एका माणसाच्या काचा उलट्या बसवल्या, डावी उजवीकडे. तो बिचारा तसाच घालून रस्ता ओलांडायला निघाला होता, काउंटरवरच्या पोरीने धावत जाऊन परत आणलं. घरी सुनेला सांगायचं, रोज ठरवत होत्या. सांगायचं काय? की तुझ्या त्या सुंदर गोष्टीत काही तथ्य नाही, आम्ही लपून खात होतो? की शेजारी उपाशी पोरं होती आणि त्यांना वास जाऊ नये म्हणून तुझी लेक वीस वर्षं जमिनीवर लोळतेय? सून भाजी निवडत बसलेली असायची, बाई समोर जाऊन बसायच्या, तोंड उघडायच्या, आणि सून विचारायची, आई, चहा टाकू का? एकदा धीर करून एवढंच म्हणाल्या की रविवारी माझी एक लहानपणची मैत्रीण येतेय. झालं, सून खूश. म्हणजे त्यांनी तुमच्या आईंच्या हातचं खाल्लं असेल! बाई म्हणाल्या, शेजारीच राहायची. खोटं नव्हतं हे. पण खरं बोलायचं म्हणून उघडलेलं तोंड इतक्यावरच मिटलं, आणि वर थोडं हलकंही वाटलं, याची त्यांना जास्त लाज वाटली. नातीचा आनंद तर बघवत नव्हता. पहिली नोकरी, पहिला आठवडा, आणि साहेबांनाही म्हणे तिने कडांचं काय असतं ते सांगून टाकलं होतं. हे सगळं या पोरीच्या ताटात सांडायचं? आजच? नको, पुढे कधीतरी. पण पुढे कधीतरी म्हणत म्हणत बाईंचे केस पांढरे झाले होते, आणि शिट्टी काही पुन्हा पुन्हा चष्मा बदलायला येणार नव्हती.

शिट्टी आली ती वेळेआधीच. बरी साडी, नवा चष्मा, हातात पिशवीभर फळं. दोन मिनिटांत तिने सगळ्यांना आपलंसं केलं. नातीला म्हणाली, तुझी आजी दोरीवरच्या उड्यांत रडीचा डाव खेळायची. मुलगा इतका हसला की बाईंना बरं वाटलं, वाटलं की निभावेल सगळं. सुनेने आग्रह धरला होता की आज आईंच्याच हातचं हवं, म्हणून बाई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. कांदा परतत होत्या. बाहेर शिट्टीचा आवाज चालू होता. तो वास, तो कांदा तांबूस होत आल्यावरचा वास उठला, आणि बाहेरचा आवाज एकदम बंद पडला. एकदम. बाईंनी डोकावून पाहिलं नाही. कडा मुठीने घातल्या, पाणी ओतलं, दूध घातलं. पातेलं उचलून टेबलावर आणलं तेव्हा दाराला कडी होती, खिडकी लागलेली होती आणि नात कापड घालून, हात झटकत जागेवर येऊन बसत होती. सगळे गप्प. बाई वाढायला लागल्या. आधी नात. मग सून. मग मुलगा. मग त्या स्वतः, कारण चढत्या वयाने शिट्टी त्यांच्यानंतर यायची, वर्षानेच का होईना. स्वतःच्या वाटीत पळी रिकामी केली आणि शेवटच्या वाटीसाठी पळी परत पातेल्यात घातली, तर ती तळाला खरडली.

पातेल्यात काही नव्हतं. कडेला चिकटलेला कांद्याचा एक तुकडा होता. बाई पातेल्यात बघत राहिल्या. चार मुठी. त्यांनी चार मुठी घातल्या होत्या. इतके दिवस जिच्याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं तिची मूठ हाताने घातलीच नव्हती. विसरल्या म्हणावं, तर असं कसं विसरतं माणूस? हाताला कधी शिकवलंच नव्हतं कुणी. कडांच्याला पाहुणा कधी बसलाच नव्हता, आईच्या काळापासून आजपर्यंत एकदाही नाही, आणि हे बाईंच्या आत्ता लक्षात येत होतं, हातात पळी धरून. सून अर्धवट उठली. मुलाने आईकडे बघितलं, मग आपल्या वाटीकडे. पण बोलायचं कुणी? वाट्या रिकाम्या होईपर्यंत बोलायचं नाही, आणि त्या घरात तो नियम कुणी मोडला नव्हता, त्या नियमावरच तर सगळं उभं होतं. सून पुन्हा खाली बसली, आपली वाटी पुढे सरकवू की नको अशा हातांनी. आणि शिट्टी? शिट्टी रिकाम्या वाटीसमोर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीत, ओठ आत दाबून धरलेले, श्वाससुद्धा नाकाने, अगदी हळू. घरातल्या कुणालाच इतकं गप्प बसता येत नव्हतं. मुलगा चुळबुळतो, नात नाक ओढते. ही मात्र शिकवून तयार केल्यासारखी बसली होती. कुणी शिकवलं होतं आणि कशासाठी, ते बाईंना ठाऊक होतं. सून तिच्याकडे बघून हलकेच हसली, काय बाई शिस्त, अशा कौतुकाने. ते हसू बाईंना सोसवेना.

‘ही शिस्त नाही गं,’ बाई म्हणाल्या. आवाज नको तितका मोठा निघाला. नातीने दचकून वर पाहिलं. ‘मान वगैरे काही नव्हता अन्नाला. आम्ही चोरून खायचो. ही माणसं भिंतीपलीकडे उपाशी असायची आणि त्यांना कळू नये म्हणून दार लावायचो. कापड मी घालायचे. एकदा ही दाराबाहेर उभी होती, मला फटीतून हिचे पाय दिसत होते, आणि तरी मी ते कापड हिच्या बोटांवर ढकललं. आणि येऊन जेवले. मला चांगलं लागलं ते.’

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, पण ते बोलल्याशिवाय बाकीचं खरं झालं नसतं. नात त्यांच्याकडे बघत होती, ओळख पटत नसल्यासारखी. मुलगा खाली मान घालून बसला होता. सुनेचा चेहरा बाईंनी पाहिलाच नाही, तेवढा धीर नव्हता. त्यांनी आपली वाटी उचलली आणि शिट्टीपुढे ठेवली. थोडं टेबलावर सांडलं. आता ही रडेल, किंवा उठून जाईल, किंवा जाऊ दे गं म्हणेल. यातलं काहीही चालणार होतं. बाईंनी इतकी वर्षं मनातल्या मनात या तिन्हींची तयारी केली होती.

शिट्टीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

‘ते पाय माझे नव्हते,’ ती म्हणाली. ‘धाकटीचे असतील. मी आईचं ऐकायचे. तीच पळायची, तुमच्या दाराशी जाऊन उभी राहायची. मी मागून ओढून आणायचे तिला.’

धाकटी. नाक वाहणारी, शिट्टीच्या झग्याला धरून फिरणारी. तिचं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. इतकी वर्षं ज्या पायांशी त्या मनात बोलत आल्या, ते कुणाचे हेही त्यांनी धड बघितलं नव्हतं. कसंबसं त्यांनी विचारलं, की धाकटी कुठे असते आता.

‘गेली की. पलीकडच्या वर्षी,’ शिट्टी म्हणाली. मग चमचा उचलला, वाटीतलं ढवळून बघितलं, वाकून वास घेतला. ‘म्हातारी झाली तरी विचारायची मला. दवाखान्यात पडून होती तेव्हासुद्धा. ताई, काय असायचं गं त्यांच्याकडे आत? मी म्हणायचे, मला काय माहीत. काहीतरी भारी असणार.’

तिने एक चमचा तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग दुसरा. सगळे तिच्याकडे बघत होते. तिसरा चमचा तिने अर्ध्यावरच थांबवला आणि नव्या काचांतून त्यात काय आहे ते नीट, जवळून पाहिलं.

‘पाव आणि कांदा,’ ती म्हणाली. ‘एवढंच होतं होय.’

आणि ती खात राहिली. बाई तिच्यासमोर उभ्या होत्या, हातात रिकामी पळी घेऊन.